पडल्यावर उठता येते का?



गेल्या वर्षी हिवाळ्यात एके दिवशी भल्या सकाळी वसमत तालुक्यातील एक हळद उत्पादक शेतकरी आपल्या मातोश्रींना घेऊन माझ्या दवाखान्यात आले. रात्रपाळीची वीज असल्याने ते पिकाला पाणी देण्यासाठी शेतावर गेले होते. पत्नी माहेरी होती. घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई एकट्याच होत्या. रात्री एकच्या सुमारास लघवीसाठी उठताना गोधडीच्या काठात पाय अडकून त्या पलंग आणि भिंत यांच्यामध्ये पडल्या. मुलगा साडेपाचला घरी परतला तेव्हा त्या थंड फरशीवर तशाच पडून होत्या.

"डॉक्टरसाहेब, माय रातभर खाली पडून होती," एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

मी तपासले. खुबा शाबूत होता. पुढे क्ष-किरण चित्रातही कोठे अस्थिभंग दिसला नाही. मात्र अंग गार पडले होते, ओठ कोरडे होते, ज्या कुशीवर त्या पडून होत्या तेथील कातडी लालबुंद झाली होती. "लागलं नव्हतं फार," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "पण उठताच येईना बाबा." त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाचव्या दिवशी ताप आला, न्यूमोनिया झाला आणि तिसऱ्या आठवड्यात त्या गेल्या.

हाड मोडले नव्हते. केवळ जमिनीवरून उठता आले नव्हते.

या आजींच्या रक्तदाबावर मी अकरा वर्षे उपचार करीत होतो. मिठाविषयी, गोळ्यांविषयी, झोपेविषयी मी त्यांना दर महिन्याला विचारीत असे. परंतु "आजी, खाली बसल्यावर आधाराशिवाय उठता येते का?" हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. खरे सांगायचे तर जवळजवळ तीस वर्षांच्या व्यवसायात तो मी कोणालाच विचारला नव्हता. हा प्रश्न मला एका वस्तादांनी शिकविला. आजचा लेख त्यांच्याकडून जे शिकलो त्याविषयी आहे.

वस्तादांचे शिबिर

माझी पुतणी नांदेडला महाविद्यालयात शिकते आणि पेंचाक सिलात हा इंडोनेशियाचा युद्धकलाप्रकार खेळते. पडण्याचे तंत्र पक्के व्हावे म्हणून तिच्या प्रशिक्षकांनी तिला आपल्या जिल्ह्यातील एका व्यायामशाळेत वर्षातून दोनदा भरणाऱ्या शिबिराला पाठविले होते. तेथे कुस्ती आणि लाठी शिकविणारे एक वस्ताद येतात. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा एक तास गावातील प्रौढांसाठी राखून ठेवतात. "काका, तुम्ही एकदा याच," असा पुतणीचा आग्रह होता. आजींच्या मृत्यूला तेव्हा दोन महिने झाले होते. मी गेलो, तो खरे म्हणजे वयस्कांना कोणी भलताच व्यायाम तर सांगत नाही ना, हे पाहण्यासाठी.

वस्तादांनी माझे स्वागत केले आणि हौद्याच्या कडेला अंथरलेल्या सतरंजीकडे बोट दाखवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जरा खाली बसा."

मी बसलो.

"आता उठा."

मी एक हात गुडघ्यावर टेकला, दुसरा जमिनीवर टेकला, थोडा झोका घेतला आणि उठलो. माझे वय छप्पन्न, पोट थोडे सुटलेले. आपण उठताना इतका खटाटोप करतो हे तोवर माझ्या लक्षातही आले नव्हते. मग वस्ताद स्वतः बसले आणि उठले. त्यात घाई नव्हती, झोका नव्हता. एक गुडघा, दुसरे पाऊल, आणि माणूस उभा.

मी त्यांना आजींची हकीकत सांगितली. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे पोरगं पहिल्या दिवशी येतं तेव्हा त्याला डाव शिकवत नाहीत. पडायला आणि उठायला शिकवतात. म्हाताऱ्या माणसाला तर त्याची जास्त गरज. त्यांना कोण शिकवणार?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पडणे हा आजार नव्हे, परंतु आजाराहून कमी नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि यातील सर्वाधिक मृत्यू साठीपुढील व्यक्तींचे असतात. पासष्टीपुढील साधारणतः तीनांपैकी एक व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडते.

अस्थिभंगाविषयी आपण सारे जाणतो. परंतु पडल्यानंतर तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहणे हेही स्वतंत्र संकट आहे. शरीराच्या भाराखाली दबलेल्या स्नायूंची हानी होते व त्यांतून सुटणारी द्रव्ये मूत्रपिंडांना अपाय करतात. कातडीवर दाबाच्या जखमा होतात. पाणी कमी पडते. अंग थंड पडते. छाती नीट फुलत नाही आणि फुप्फुसांत संसर्ग होण्याचा धोका वाढतो. पडून राहिलेल्या अनेक वृद्धांना गंभीर इजा झालेली नसते. त्यांना फक्त उठता येत नसते.

यामागील कारण साधे आहे. जमिनीवर बसण्याची आपली सवय गेली. पूर्वी पंगत जमिनीवर, दळण जमिनीवर, पूजा पाटावर. दिवसातून दहापंधरा वेळा माणूस जमिनीपर्यंत जाऊन परत येत असे. आता खुर्ची, पलंग व कमोड आले. गुडघेदुखीच्या रुग्णांना आम्ही डॉक्टर मंडळीच "खाली बसू नका" असे सांगतो. त्यात पुष्कळदा तथ्य असते. पण त्याबरोबर "चुकून खाली गेलात तर वर कसे याल" हेही सांगावयास हवे, ते आम्ही सांगत नाही. जी हालचाल वर्षानुवर्षे केली नाही ती रात्री एक वाजता, अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत कशी जमणार?

आखाड्याला हे ठाऊक होते

आपल्या मराठी व्यायामपरंपरेत पडण्याचा आणि सावरण्याचा विचार जुना आहे. कुस्तीचा हौदा पाहा. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, लिंबू आणि आपल्या वसमतची ओळख असलेली हळद मिसळतात. माती मऊ राहावी, पडणाऱ्याला लागू नये, खरचटले तर चिघळू नये, हा त्यामागील हेतू. शिकवणी सुरू होण्यापूर्वी जमीन पडण्याजोगी करणे हे वस्तादाचे पहिले काम.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. त्यातही चढण्याइतकेच महत्त्व नीट उतरण्याला आहे. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यात तयार झालेले राजरत्न प्राध्यापक माणिकराव हे व्यायामाचे थोर शिक्षक होते, तसेच निखळलेले सांधे बसविण्यात आणि हाडे जुळविण्यात निष्णात म्हणून लोक त्यांच्याकडे येत. एका मुसलमान उस्तादाचा मराठी शिष्य, आणि त्या शिष्याच्या हाती तालीम व अस्थिसंधान या दोन्ही विद्या. जेथे माणसे रोज पडतात तेथेच दुखापतीची जाण वाढते, हे त्यावरून ध्यानात येते. अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हीच देशी व्यायामविद्या १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत नेऊन दाखविली.

आजच्या काळातील उदाहरण म्हणजे मुंबईच्या दादर येथील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे. सीमाशुल्क खात्यातील नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर मल्लखांब शिकविला. देशोदेशींचे विद्यार्थी त्यांच्या शिबिरांतून शिकले. दृष्टिहीन मुलांनाही त्यांनी मल्लखांबावर चढविले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याला दिसत नाही त्याला मल्लखांबावर चढवून सुखरूप खाली आणणारा शिक्षक असू शकतो, तर सत्तरीच्या माणसाला जमिनीवरून उठण्यास शिकविणे अशक्य नाही, एवढा बोध मी त्यातून घेतला.

इंडोनेशियाचे गुरू

माझी पुतणी जो खेळ खेळते त्यातही हेच सूत्र आहे. इंडोनेशियात शिक्षकाला 'गुरु'च म्हणतात, तो शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. तेथील निरनिराळ्या बेटांवरील परंपरांना एकत्र आणणारी संघटना १९४८ साली सुराकार्ता येथे स्थापन झाली. २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत या खेळाला स्थान मिळाले आणि २०१९ मध्ये युनेस्कोने पेंचाक सिलातच्या परंपरांची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

पुतणीने मला या खेळातील दोन गोष्टी करून दाखविल्या. पहिली 'लांगका', म्हणजे पाऊल टाकण्याची पद्धत. पुढचे पाऊल आधी अलगद टेकवायचे, जमिनीचा अंदाज घ्यायचा आणि मगच त्यावर भार द्यायचा. दुसरी म्हणजे पाय एकमेकांमागे घेऊन थेट जमिनीवर बसण्याची आणि तेथूनच पुन्हा उठण्याची बैठक. पश्चिम सुमात्रातील वाघाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीत तर खेळाडू बहुतांश वेळ जमिनीलगतच असतो. अर्थात या बैठका तरुणांच्या आहेत. माझ्या वाचकांनी त्या मुळीच करू नयेत. परंतु त्यामागचा विचार आपल्या कामाचा आहे. तेथील गुरू जमिनीला घाबरू नका असे शिकवितात, आणि त्यासाठी जमिनीपर्यंत जाण्या-येण्याचा मार्ग शिष्याच्या अंगवळणी पाडतात.

शास्त्रीय पुरावाही या दिशेने जातो. ताइ ची ही मूळची चिनी युद्धकला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सत्तरीच्या पुढील ६७० व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पडण्याचा धोका अधिक असलेल्या या व्यक्तींपैकी ज्यांनी चोवीस आठवडे, आठवड्यातून दोनदा, तोल सांभाळण्यासाठी योजलेला ताइ चीचा अभ्यास केला, त्यांचे पडण्याचे प्रमाण केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी आढळले. यात कोणतेही औषध नव्हते. सावकाश पाऊल, भाराची अदलाबदल आणि शिकविणारा जाणता माणूस, एवढेच होते.

वस्तादांचे चार धडे आणि माझी एक हरकत

तीन शिबिरांना मी आजवर गेलो आहे. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिला धडा: आधी भार, मग पाऊल. वृद्ध माणूस पुष्कळदा चालताना नव्हे तर वळताना पडतो, कारण भार एका पायावर जाण्यापूर्वीच तो दुसरा पाय उचलतो. वस्ताद आम्हाला भिंतीला हात लावून उभे करीत आणि एका पायावरून दुसऱ्यावर भार नेण्यास लावीत. एका पायावर भार पूर्ण गेला की मगच दुसऱ्या पायाची टाच उचलायची.

दुसरा धडा: पायऱ्या करून खाली जा. उभ्या माणसाने एकदम जमीन गाठायची नाही. आधी खुर्ची, मग चौरंग, मग पाट, मग सतरंजी. प्रत्येक पायरीवर काही दिवस मुक्काम.

तिसरा धडा: घाबरून उठू नका. खाली गेल्यावर प्रथम दोन-चार श्वास घ्या, कोठे लागले आहे ते पाहा आणि मग हालचाल करा.

चौथा धडा: शिबिर दोन दिवसांचे, सराव रोजचा. दुसऱ्या शिबिरात त्यांनी मला पुन्हा खाली बसविले आणि उठविले. पाहून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घरी केलं नाही तुम्ही." ते खरे होते. औषध न घेता "घेतले" म्हणून सांगणारे रुग्ण मी रोज पाहतो. त्या दिवशी मी त्यांच्या जागी होतो. तेव्हापासून रोज सकाळी दहा मिनिटे सराव करतो, आणि आता हात न टेकता उठतो.

हरकत मी घेतली ती श्वासाविषयी. कुस्तीगीर जोर लावताना श्वास रोखून धरतात. वस्तादांनी प्रौढांनाही तसेच सांगितले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटले की रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी श्वास रोखून जोर लावला तर रक्तदाब एकाएकी वाढतो आणि नंतर घसरून भोवळही येऊ शकते. त्यांनी शांतपणे ऐकले. पुढच्या फेरीपासून सर्वांना मोठ्याने अंक मोजत उठावयास लावले, कारण बोलणाऱ्याचा श्वास अडकत नाही. ज्ञानी शिक्षक कसा ओळखावा याचे उत्तर मला तेथे मिळाले.

घरी काय करावे

प्रथम सावधगिरी. नुकताच अस्थिभंग झालेल्यांनी, मणक्याचे हाड दबलेल्यांनी, हाडांचा तीव्र ठिसूळपणा असलेल्यांनी, खुब्याचे किंवा गुडघ्याचे सांधे बदललेल्यांनी, नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि वारंवार चक्कर येणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज जमिनीवर बसण्या-उठण्याचा सराव करू नये. मुद्दाम पडण्याचा सराव तर घरी कोणीही करू नये. तो हौद्यातील तरुणांसाठी आहे, आपल्या घरी फरशी असते.

तोल जोखण्यासाठी एक साधी चाचणी करा. खुर्चीतून उठा, नेहमीच्या वेगाने तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. याला बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. चाचणीच्या वेळी घरातील कोणीतरी शेजारी असावे.

मग रोजचा सराव. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, सुरुवातीला पाच वेळा. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून भाराची अदलाबदल. ओट्याला धरूनच पुढे, बाजूला आणि मागे एकेक पाऊल. हे सहज जमू लागले, आणि डॉक्टरांची संमती असली, तरच जाड सतरंजीवर, शेजारी भक्कम खुर्ची आणि सोबतीला माणूस ठेवून, जमिनीवरून उठण्याचा सराव.

उठण्याचा क्रम असा. पाठीवर असाल तर कुशीवर वळा. कोपरावर, मग हातांवर भार देऊन अंग उचला. दोन्ही हात व दोन्ही गुडघे टेकून रांगण्याच्या स्थितीत या. रांगत खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जा. दोन्ही हात बैठकीवर ठेवा. जो पाय अधिक बळकट आहे त्याचे पाऊल पुढे टेकवा. अंक मोजत हातांनी व त्या पायाने जोर लावून वर या, वळा आणि बसा. लगेच चालू लागू नका, दोन मिनिटे थांबा.

गुडघे टेकवतच नसतील तर बसल्या बसल्या सरकत पलंगापर्यंत किंवा दारापर्यंत जाता येते. तेही जमले नाही तर हाक मारा, हाताशी येईल त्या भांड्याने आवाज करा, पांघरूण ओढून घ्या, पाय हलवत राहा आणि अधूनमधून कूस बदला. एकट्या राहणाऱ्यांनी मोबाईल किंवा शिट्टी गळ्यात अथवा खिशात ठेवावी. रात्री उशाशी नव्हे, अंगावर.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आई-वडील पडलेले दिसताच आपण धावत जाऊन काखेत हात घालून ओढतो. हे टाळावे. वृद्धांचा खांदा निखळू शकतो आणि तुमची कंबर धरू शकते. आधी विचारा, "कुठे दुखते?" खुब्यात तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, शुद्ध हरपली असेल, तर हलवू नका. पांघरूण घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला असेल तर वरकरणी बरे वाटत असले तरी तपासणी त्याच दिवशी व्हावी.

असे काही नसेल तर एक खुर्ची त्यांच्यासमोर आणि एक मागे ठेवा. वरील क्रम एकेक करून सांगा. उठतील ते स्वतः, तुम्ही फक्त सोबत राहा.

गोळ्यांची यादीही एकदा डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या, रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी उठताना रक्तदाब घसरतो किंवा गुंगी येते. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसण्याची सवय लावा. संडासाच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. पलंगाशेजारील गोधडी, पायपुसणे आणि वायर काढून टाका.

शिक्षक निवडताना

आता गावोगावी शिबिरे भरतात. तेथे जाण्यापूर्वी एवढे पाहावे. शिक्षक आधी तुमचे आजार व औषधे विचारतो का? "दुखले तरी करा" असे म्हणतो की "दुखले तर थांबा"? डॉक्टरांचे मत ऐकून घेतो का? औषधे बंद करण्यास सांगतो का? सांगत असेल तर तेथून निघून यावे. आपण आदर ठेवावा, परंतु आपली प्रकृती त्याला स्पष्ट सांगण्यात अनादर नाही.

काही वाचक म्हणतील, "या वयात आता कोणाचे शिष्य व्हायचे?" त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील कथा आठवावी. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने पारख केली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, असे परंपरा सांगते. नामदेव तेव्हा कीर्तिमान भक्त होते. अपमान त्यांना लागला. तरीही ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले. ज्या नर्सीला आपण नामदेवांचे गाव म्हणून जातो, तेथून औंढा फार दूर नाही. मोठेपण मिळाल्यावरही शिकण्यासाठी खाली बसता येते, हे त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जाता जाता

त्या आजींचे यजमान गेल्या महिन्यात रक्तदाब तपासण्यासाठी आले. वय एकोणऐंशी. मी त्यांना दवाखान्यातील सतरंजीवर बसविण्यापूर्वी खुर्चीतून पाच वेळा उठवून पाहिले, मग मुलाला जवळ उभे केले आणि उठण्याचा क्रम समजावला. पहिल्या भेटीत त्यांना जमले नाही. ते ओशाळले. मी म्हटले, "काका, मलाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं." सहा आठवडे मुलाने रोज रात्री जेवणानंतर त्यांच्याकडून सराव करवून घेतला. परवा ते खुर्ची धरून स्वतः उठले. मुलगा काही बोलला नाही, फक्त वडिलांचे धोतर सावरून देत बराच वेळ खाली पाहत राहिला.

आता माझ्या दवाखान्यात साठीपुढील प्रत्येकाला रक्तदाब मोजण्याआधी हा प्रश्न विचारला जातो. आपणही आज घरातील वडीलधाऱ्यांना विचारावा. उत्तर "नाही" असे आले तर घाबरू नये. खुर्चीपासून सुरुवात करावी.